दाबल्यावर जाणारा लाल

जन्मली तेव्हा पापणी कोरी होती.
तिसऱ्या आठवड्यात एक ठिपका, डास चावल्यासारखा.
मग तो वाढू लागला.
सावईवेऱ्याहून आते आली, बघून म्हणाली,
ग्रहणात हिनं भिरंडं फोडली असणार.
विभानं काही फोडलं नव्हतं,
ती त्या दिवशी फोंड्याच्या बँकेत काउंटरवर होती.
तरी महिनाभर
स्वतःचेच हात उलटेसुलटे करून बघत राहिली.

मी रंगभूषेचा माणूस.
वीस वर्षं जत्रांतल्या नाटकांचे चेहरे केलेत,
देवीचे व्रण झाकलेत, पेट्रोमॅक्सच्या उजेडातसुद्धा.
एका रात्री डबी काढली,
मनगटावर तिच्या कातडीचा रंग जुळवला.
जुळला, अगदी हुबेहूब.
मग पुसून टाकला.

बांबोळीला डॉक्टर कुलासोंनी
काचपट्टी टेकवून अलगद दाबलं.
लाल ओसरला.
काच उचलली, पुन्हा भरून आला
उपसलेल्या विहिरीत झरा फुटावा तसा.
"रंग नव्हे हा. रक्त आहे,
बारीक शिरांचा जास्तीचा गुंता.
काही वर्षांत आपणहून जाईलही,
पण डोळा तोवर थांबत नाही.
झाकला गेला तर बघायचं शिकणारच नाही तो."
आणि विभाकडे वळून,
न विचारता:
"तुमच्या हातून काही झालेलं नाही."

औषध मोठ्यांच्या हृदयाचं, थेंबांत.
दोन दिवस वॉर्डात, नाडी मोजत,
टाचेला टोचून साखर बघत.
मग घरी, दिवसातून दोनदा,
पोट भरल्यावरच;
दूध नाकारलं, ओकली,
तर तो डोस सोडायचा.

दर रविवारी फोटो.
तीच खिडकी, सकाळचे आठ
(उजेडाचं मला कळतं),
शेजारी मापाला शर्टाचं बटण.
सहाव्या रविवारी
बटण मोठं झाल्यासारखं वाटलं.
मधोमध राख धरली होती
निखारा विझताना धरतो तशी.
आते म्हणाली, नवस पावला.
मी हो म्हटलं,
सिरिंज धुऊन उपडी ठेवली.

परवा जत्रेत महिषासुर समोर बसला.
त्याच्या पापणीवर लाल ओढला
आणि सवयीनं अंगठा टेकवून दाबला.
"काय झालं रे?"
काही नाही, म्हटलं.
अंगठा लाल झाला होता.
लुंगीला पुसला,
पापणी पुन्हा रंगवली.