वरकड

किसुमूच्या बसस्टँडमागे, झेरॉक्सच्या दुकानावर
विम्याचं ऑफिस.
अपोंदीबाई खुर्चीत, मी दाराशी,
खाली पिकअपमध्ये चाळीस किलो बर्फ
आपल्या हिशोबाने वितळतोय.

एजंट, वेकेसा नावाचा, टायची गाठ सैल,
म्हणाला, मूळ पॉलिसी आहेच,
आता वरकड काय काय घ्यायचं ते बोला.
कागद बाईंकडे फिरवला. पाच चौकोन,
मासळी उचलल्यावरच्या पाट्यांसारखे रिकामे.

पहिला, पुढची काच.
दुसरा, दंगल, संप, राजकीय हिंसा.
तिसरा, गाडी गॅरेजात पडली तर
दिवसाचे दोन हजार शिलिंग, दहा दिवस.
चौथा, नुकसानीतला जो वाटा आपण भरायचा
तोही कंपनीच भरणार.
पाचवा अगदी तळाला, बारीक टायपात : ड्रायव्हर.

"पाचही घेतले तर?"
वेकेसाने आकडा तोंडाने सांगितला नाही,
कॅल्क्युलेटरच फिरवून दाखवला.
बाईंनी ओठ मुडपले,
दुंगाच्या किनाऱ्यावर एखादा कोळी
तिलापियाचा भाव चढवून सांगतो
तेव्हा मुडपतात तसे.

तिसऱ्यावर त्या अडल्या.
"दहा दिवस पैसे मिळतील, कबूल.
पण नाकुरूची ती हॉटेलवाली
दहा दिवस मासे कुणाकडून घेईल?
अकराव्या दिवशी मला ओळख देईल?
ह्याचा चौकोन कुठाय?"
तसा चौकोन नसतो, वेकेसा म्हणाला.
"मग खोडा."

दुसऱ्यावर थांबल्याच नाहीत.
पुढच्या वर्षी निवडणूक.
निवडणुकीच्या रात्री आमच्या रस्त्यावर काय असतं
हे सांगायला एजंट लागत नाही.

मग मान वळवून मला म्हणाल्या,
"जोसया, गाडी तू चालवतोस.
तुला कशाची भीती वाटते?"

असं मला कुणी विचारलं नव्हतं.
बायकोनंसुद्धा नाही.
माऊ समिटचा उतार, पहाटे साडेतीनचं धुकं,
दिवे न लावता उभा ट्रेलर,
मागे चारशे किलो मासळी
आणि पायाखाली नसलेला ब्रेक. एक क्षण.
मग होता.
ते सगळं गिळून मी म्हणालो,
"काच, बाई. रस्त्यावर खडी फार उडते."

खोटं नव्हतं. उडतेच.
गेल्या महिन्यात उडालीच होती.
डाव्या कोपऱ्यात, विम्याच्या जुन्या स्टिकरशेजारी
बोटभर चीर.
तिच्यावर मी फुटबॉल क्लबचा स्टिकर चिकटवलाय
आणि रोज सकाळी बघतो,
बाहेर डोकावली का.
डोकावलीय. केसाएवढी.

बाईंनी पहिल्या चौकोनात खूण केली, माझ्या शब्दावर.
पाचव्यात केली, कुणालाच न विचारता.
"उद्या फोटो काढायला माणूस येईल," वेकेसा म्हणाला,
"आधीची मोडतोड पॉलिसीत बसत नाही, एवढंच."
"आमच्या गाडीला काही झालेलं नाही,"
बाई म्हणाल्या, आणि पर्स उघडली.
नोटांना तळ्याचा वास.

"बाई, जरा खाली येता का."

उन्हानं गोंद भाजला होता.
मी नखानं खरवडत होतो,
अर्धा स्टिकर हातात आला, अर्धा तसाच.
दोघं मागे उभी.
बर्फाचं पाणी गाडीखालून निघून
झेरॉक्सवाल्याच्या पायरीपर्यंत पोचलेलं.

"कधीपासून?"
"महिना झाला."
बाईंनी चिरेवरून अंगठा फिरवला,
माशाचे कल्ले तपासतात तसा.
"पहिला खोडा," वेकेसाला म्हणाल्या,
"काच मी बसवते."
आणि मला, "अर्धे तुझ्या पगारातून."

वेकेसानं बॉनेटवरच कागद ठेवला, खोडलं,
पेन तळाशी नेलं, थांबला.
"आणि हा? ड्रायव्हरचा?"

"तो वरकड नव्हताच," बाई म्हणाल्या.
"चल रे, बस गाडीत.
निम्मा बर्फ गेला."