साडेसहा

सोजरच्या घरची चूल एका अंगानं झिजत होती.
गयाबाई म्हणायची, घूस लागली असंल.
मला सातव्या महिन्यातच दिसली होती
सोजरच्या दातांच्या फटीतली माती.

खालची पापणी ओढली,
आत भिजवलेल्या पोह्यांचा रंग.
बोट टोचलं, थेंब यायलाच वेळ लागला.
साडेसहा.
कार्डावर आकड्याभोवती दोनदा गोल केला.
"म्हंजी चांगलं का वाईट?"
म्हटलं, रुपयातले आठ-नऊ आणे.
"मग भागतंय की," म्हणाली.
तिचं सगळंच तेवढ्यात भागत आलेलं.

लाल गोळ्यांनी पोर अंगानं वाढतं, मग अडतं,
ही सासूची विद्या.
पाकिटं पुढे मिठाच्या बरणीमागे सापडली, न फोडलेली.
शिरेतून लोह द्यायला दोनदा केजला नेली.
तिसऱ्या खेपेला हरभरा काढणीला आला होता.

पहाटे तीनला मुलगी झाली. रडली.
वार पडली.
मग जे थांबायला हवं ते थांबेना.

इंजेक्शन दिलं. पोटावर हात दाबून चोळत राहिले,
आत गोळा कडक व्हावा म्हणून;
हाताला लागत होती नुसती सैल कणीक.
ट्रेनिंगमध्ये सांगतात, भिजलेल्या कापडाचं वजन करा,
कोऱ्याचं वजा करा.
मी धडपी मोजली. चार. पाचवं गयाबाईनं
स्वतःच्या लुगड्याचं फाडलं, न बोलता.
भरल्या घरातून पायली गेली तर कळतही नाही.
हिच्या कणगीत मुळात तळाचे दाणे.

गाडीत एक हात पोटावर, एक सलाईनवर.
लोखंडी सावरगावची पाटी दिव्यात उजळून मागे गेली.
गावाच्या नावात एवढं लोखंड,
आणि माझ्या हाताखाली चिमूटभर नाही.
हसू आलं मला. खरंच आलं.
ताजोद्दीननं आरशातून बघितलं
आणि गाडी आणखी पळवली.

अंबाजोगाईला दीर चहाला म्हणून गेला तो गेलाच.
बब्रुवाननं बाही वर केली; त्याचंही तपासलं, कमी भरलं.
तो तिथंच भिंतीला टेकून बसला,
बायकोचं दुखणं आपल्यातही निघाल्यासारखा.
ताजोद्दीननं गाडी बाजूला लावली,
चावी माझ्या हातात दिली, म्हणाला,
"सिस्टर, माझं बघा जुळतंय का."

सव्वा महिन्यानं गेले.
चूल नव्यानं लिपलेली, कडा शाबूत.
पोरगी पदराआड चुटूचुटू पीत होती.
कार्डावर सव्वानऊ. अजून गोळ्या आहेत, दाखव पाकीट.
दाखवलं. चार कमी.
गयाबाईनं नजर चुकवली, मग म्हणाली,
"जेवल्यावर मीच देते हातावर."

"माती खाती का अजून?"

सोजर चुलीकडं बघत राहिली.
"परवा चाखली जराशी.
बाई, आता माती
मातीवानीच लागती."