असल्यास उत्तम

तार्तूत, चौथ्या मजल्यावर, रेडिएटरवर मोजे वाळत घालून
सात वर्षांपूर्वी मी एक ओळ हलवली.
"आवश्यक"मधून उचलली,
"असल्यास उत्तम"मध्ये ठेवली.
जुन्या स्कॅनच्या फाइली उघडणारी एक लायब्ररी,
वजन अकरा एमबी,
वापरणारे, माझ्या अंदाजाने, नऊ.
अंदाज कशावरून?
कुणी ओरडलं नाही, यावरून.

लोक म्हणायचे, एक पान बघायला जावं
तर सगळं बिऱ्हाड मागोमाग येतं.
खरंच होतं ते. मी बिऱ्हाड कमी केलं.
नोंदीत दोन शब्द लिहिले: हलकं केलं.
मग चहा ठेवला.

काल किह्नू बेटावरून फोन आला.
समुद्र अर्धवट गोठलेला,
बोट चालेना आणि बर्फावरून गाडी नेववेना, असले दिवस.
ग्रंथालयातली लेलो बोलत होती,
मागे कुणीतरी चुलीत लाकूड सारत होतं.
रोओसीबाई आल्यात, म्हणाली, पेनड्राइव्ह घेऊन.
आईची हातमोज्यांच्या नक्षीची वही आहे त्यात.
मूळ वही ओलीनं गेली. लग्न शनिवारी.
आणि तुमचा प्रोग्राम म्हणतो:
"ही फाइल उघडता येत नाही."

एवढंच?
एवढंच.

त्याला माहीत होतं काय कमी आहे.
नाव, गाव, कुठं मिळेल, सगळं.
मीच त्याला बोलायला शिकवलं नव्हतं.

तुम्हाला कुठलं पान हवंय, मी विचारलं.
लेलोनं विचारून सांगितलं: अंगठ्याचं.
बाकी मोजा हाताला पाठ आहे,
अंगठा कुठल्या ओळीवर फुटतो, तेच आठवत नाही.

अंगठा.
असल्यास उत्तम.

मग मी कमांड सांगत गेलो, एकेक अक्षर,
मधली रेघ, नाही, आडवी, हो, आता एंटर.
बेटावरच्या नेटवर अकरा एमबी म्हणजे
सहा मिनिटं आणि एक खोकला.
उघडलं! लेलो ओरडली. मग: अरे, पान उलटं आहे.

फिरवायची कळ सांगणार, तेवढ्यात
मागून म्हातारा, खरखरीत आवाज आला.
राहू दे, म्हणाल्या, असंच असू दे.
आई टेबलाच्या त्या बाजूला बसायची,
मी या बाजूला.
मी हे उलटंच शिकलेय.

रात्री फाइल काढून बसलो.
ओळ परत वर न्यावी का?
अकरा एमबी, आणि आता वापरणारे दहा.
नेली नाही.
फक्त "उघडता येत नाही"पुढे
एक वाक्य जोडलं, कशावाचून ते सांगणारं,
आणि एक बटण.

बटणावर काय लिहावं, ते अजून सुचलेलं नाही.
मोजे केव्हाच वाळलेत.