पाच गुण शिल्लक

अठ्ठावीस वर्षं प्रश्न काढले मी.
पोस्टकार्ड मधोमध कापायचं,
पुढे प्रश्न, मागे उत्तर,
लाल रबरात तीन गठ्ठे :
इतिहास, वास्तू, अग्निबाण.
घंटी म्हणून स्टीलची ताटली आणि चमचा.

धाराशिवची प्रशाला, भूकंपानंतरचं तिसरं वर्ष.
मी म्हणालो, "मुक्ति…"
आणि ईटकूरच्या लिंबराजनं ताटली वाजवली,
"सतरा सप्टेंबर एकोणीसशे अठ्ठेचाळीस!"
टाळ्या थांबेनात.
मला विचारायचा होता मुक्तिवेग,
पृथ्वीची ओढ तोडायला सेकंदाला किती किलोमीटर.
शून्य दिला.
रात्री अंथरुणावर वाटलं,
पोरगं अगदीच चुकलं नव्हतं.

कैलास लेणं कुठून कोरत आणलं? वरून खाली. पाच.
बोरी नदी कोणत्या किल्ल्यात अडवली? नळदुर्ग. पाच.
अग्निबाण टप्प्याटप्प्यांचा का करतात?
तेरच्या बाकावरून महानंदा बिराजदार उठली,
दोन वेण्या, पायात कुणा मोठ्या माणसाच्या चपला,
"रिकामं झालेलं वागवत न्यायचं नाही, सर.
टाकत जायचं."
माझ्या कार्डावर उत्तराच्या चार ओळी होत्या.

शेवटचा प्रश्न. दोन्ही शाळा पन्नासवर.
"भाजलेली वीट पाण्यावर तरंगते.
बरोबर की चूक?"
गंमत म्हणून घातला होता मी तो,
दमलेल्या पोरांना जरा हसू यावं म्हणून.
"बरोबर," महानंदा म्हणाली.
मी कार्ड उलटलं. माझंच अक्षर : चूक.
"सर, बकेट हाय का?"

सगळे हसले. मीही.
घड्याळ माझ्या हातात होतं.
लिंबराज ताटली न वाजवताच म्हणाला, "चूक,"
आणि ढाल ईटकूरला गेली.
ती बराच वेळ उभीच होती,
कुणीतरी खरंच बकेट आणायला गेलंय अशी.

निवृत्तीनंतर एका लग्नाला तेरला गेलो.
पंगतीला उशीर, म्हणून त्रिविक्रमाच्या देवळाकडे.
हत्तीच्या पाठीसारखा मागचा घेर, सगळा विटांचा.
शेजारच्या म्हातारबानं घरातून जुन्या विटेचा तुकडा आणला,
घंगाळात सोडला.
बोटभर खाली गेला
आणि वर आला.

"भाताचं तूस कालवायचे चिखलात.
भट्टीत तूस जळून जातं,
त्याची जागा तेवढी राहती."

मी तुकडा दाबला, सोडला. वर आला.
पुन्हा दाबला.
चौथ्यांदा म्हातारबानं माझ्याकडे नीट पाहिलं.

"इथं एक महानंदा होती…"
"बिराजदाराची? ती मूळची सास्तूरची.
आई अन् दोघं भाऊ भिंतीखाली गेले, मामानं आणली.
रोज यायची, ईट पाण्यात सोडून बघत बसायची.
कामून, ते कुणी इचारलं नाही."

सास्तूर.
दोन-दोन हात जाडीच्या दगडमातीच्या भिंती.
मला एकदम आठवलं,
त्या वर्षी इतिहासाच्या गठ्ठ्यात मी नवं कार्ड घातलं होतं :
किल्लारीचा भूकंप किती रिश्टरचा?
ती म्हणाली होती, "पास."
मी कार्ड पुढे सरकवलं होतं.

पुण्याला असते म्हणे, कुठल्याशा कारखान्यात.
काय करते, म्हातारबाला सांगता आलं नाही.
पंगतीत मी दोन घास खाल्ले आणि एसटी धरली.

ते कार्ड अजून आहे. "चूक" खोडून "बरोबर" लिहिलं,
शाई पोस्टकार्डात पसरली.
पाच गुण शिल्लक निघतात माझ्याकडे.
कोणत्या गठ्ठ्यात ठेवावेत?
इतिहास, वास्तू, अग्निबाण,
रबर कधीचंच तुटलंय,
सगळी कार्डं आता एकाच डब्यात आहेत.