पाणी सोडणारा

हजेरीपटावर चौदा रकाने आहेत.
सह्या दोन.
तिसरी हिराजी भोईरांची होती, मे महिन्यापर्यंत.
आता तिथे साहेबांनी फूटपट्टी लावून
लाल रेघ मारली आहे, अगदी सरळ.

कळव्यात, डोंगराच्या अंगाने,
वाघोबानगर, भास्करनगर आणि त्याच्याही वर,
एकेचाळीस व्हॉल्व्ह.
अडीच वाजता मी पहिला उघडतो.
चावी माझ्या छातीएवढी उंच,
फाटक्या ट्यूबने सायकलच्या दांड्याला बांधलेली.
सायकल माझी. ट्यूबही माझी.

प्रत्येकाचे आटे वेगळे.
नऊ नंबरचे साडेअठरा.
शाळेमागच्याचे बावीस, शेवटचे दोन अडकतात.
सतरा नंबरवरून रस्ता गेला,
तो कुठे आहे हे कार्यालयातल्या नकाशाला माहीत नाही.
खरा नकाशा हिराजींच्या डोक्यात
आणि ते डोकं निवृत्त झालेलं.

तरी ते येतात, बनियनवर, लुंगी गुडघ्यापर्यंत खोचून.
पानपट्टीच्या खांबापासून अकरा पावलं मोजतात,
डांबरावर टाच आपटतात:
"यो बग. पोकल वाजतंय."
एका रात्री आम्ही पहारीने तेवढा रस्ता फोडला,
वर पत्रा टाकला, पत्र्यावर खडी.
खड्डा पाडल्याबद्दल बांधकाम खात्याने
आमच्याच खात्याला नोटीस धाडली.

दुसरी सही तुळजाराम कडाळेची.
मी उघडलेलं तो दिवसा बंद करत फिरतो.
चार महिन्यांत आम्ही भेटलो नाही.
तो आटे घट्ट आवळतो,
त्यावरून कळतं, आज त्याचा साहेबाशी वाद झाला.

कागदावर मी आठ तास काम करतो.
कागदावर मला गमबूट आहेत, हातमोजे आहेत.
पीएफ मात्र खरोखर कापला जातो.
तो जातो कुठे, विचारलं
तर ठेकेदाराचा मुलगा म्हणाला, "वरती."
मी वर पाहिलं. वर टाकी होती.

तपासणीच्या दिवशी बारा पोरं आली कुठून तरी,
एकाच्या हातावर अजून लग्नाची मेंदी.
सगळ्यांना पोपटी जाकिटं.
फोटो निघाला.
मग जाकिटं मोजून पोत्यात भरली,
माझ्या अंगातलंही.
त्या रात्री डोंगरावर आम्ही चौदा जण
मी एकटाच होतो.

पाणी सोडणं हेच माझं काम.
रविवारवर सोडलं.
भाचीच्या बारशावर सोडलं.
जादा तासांच्या पैशांवर तर कधीच.
उजव्या खांद्यावर अजून सोडलेलं नाही,
सदरा घालताना तो आठवण देतो.

एकतीस नंबरवर माझं घर.
तिथे मी चावी सावकाश फिरवतो.
आधी हवा सुटते, नळ खोकतो,
मग वरच्या गल्लीत, आमच्या खिडकीत, दिवा लागतो.
शेवंताशी आठवडाभराचं बोलणं ते एवढंच.

काल दिवा लागला नाही.

वर चढायला सात मिनिटं. पुढे दहा व्हॉल्व्ह बाकी.
खालच्या वस्तीत हंडे वाजू लागलेले.
हिराजी म्हणाले, "तू जा. चावी दे."
म्हटलं, तुमची सही चालत नाही आता.
"पान्याला कुटं वाचता येतं," म्हणाले,
आणि माझ्या हातातून ती ओढूनच घेतली.

शेवंता हंड्याला टेकून झोपली होती,
कारखान्याच्या साडीतच.
हंडा भरून पाणी उंबऱ्याबाहेर चाललेलं,
तिची पावलं ओली.
मी नळ बंद केला. तिला उठवलं नाही.

खालून, शाळेमागून, लोखंड कुरकुरायला लागलं.
सवयीने मोजत राहिलो. अठरा. एकोणीस.
वीस ऐकला.
एकविसावा आलाच नाही.

चपला तिथेच राहिल्या,
मी उतरत सुटलो.