अर्धी टाकी

सोळा वर्षं मी बंद बॉडी चालवली.
तासगावचा बेदाणा, सांगलीची हळद,
एकदा मिरजेच्या सतारी, पेंढ्यात गुंडाळलेल्या,
नागपूरपर्यंत एक तार वाजली नाही.
माल आत, कुलूप बाहेर,
सील लागलं की तो मुका.
मी ब्रेक मारला की तोही थांबायचा
तिथल्या तिथं, सांगितल्यासारखा.
घरी आलो की थोरली मागं चढायची,
फळ्यांच्या फटीतले बेदाणे वेचायला.
मूठभर निघायचे. कधी नुसती धूळ, तीही पिवळी.

मालकानं गाडी विकली.
विट्याच्या डेअरीत टँकरला माणूस हवा होता,
पगार अडीच हजारानं जास्त.
दस्तगीर मुलाणी, गुडघे गेलेला,
किल्ली देताना म्हणाला,
"हितनं पुढं तू एकटा न्हाईस.
मागं बी एक डायवर बसलेला असतोय.
त्याला डोळं न्हाईत, पाय न्हाईत,
पर घाई तुज्यापरीस जास्त."
मी हसलो.
सोळा वर्षं होती की माझ्या लायसनवर.

"तेलाच्या टाकीत आडवे पडदे असतात," मी म्हणालो,
"हिच्यात का नाहीत?"
"दुधाला कोपरा चालत न्हाई.
कोपऱ्यात ऱ्हायलेला थेंब
उद्याचं धा हजार लिटर नासवतोय."

भरलेली टाकी सोपी.
गळ्यापर्यंत गच्च, हलायला जागाच नाही.
रिकामी तर पिंपासारखी, दणदणत येते घरी.
कुणी सांगितलं नव्हतं ते मधलं.
म्हणजे दस्तगीरनं सांगितलं होतं,
मी चहा पीत होतो.

त्या आठवड्यात आटपाडीकडं गुरं आजारी,
दोन गावांचं दूध आलंच नाही.
पाच हजारावर झाकण लावून निघालो.
कराड गेलं, सातारा गेला,
खंबाटकीचा बोगदा, पिवळे दिवे,
आणि बोगदा संपल्या संपल्या ते उताराचं वळण,
वळणात एका लक्झरीचे लाल दिवे, उभे.
पाय आपोआप गेला, जुन्या सवयीनं.
गाडी थांबली.

मग ते आलं.
मागून, सावकाश,
गोठ्यातल्या सगळ्या म्हशींनी एकदम ढुशी द्यावी तसं.
थांबलेली गाडी दोन हात पुढं सरकली.
लक्झरीच्या मागच्या काचेत
झोपलेलं एक पोर, तोंड उघडं,
एवढ्या जवळ मी ते पाहिलं.
दूध मागं गेलं. परत आलं.
परत गेलं.
लक्झरी निघून गेली तरी
मी ब्रेकवर पाय ठेवून मोजत होतो.
मागचे हॉर्न देत होते.
अकराव्या वेळेला ते निजलं.

पुण्यात डेअरीवरच्या पोरानं नमुना घेतला.
फॅट बरोबर, एसएनएफ बरोबर,
तापमान पाच.
सही केली. कागदावर अजून एक रकाना हवा होता,
पण त्यात काय लिहिलं असतं कुणास ठाऊक.
मग कॉस्टिक, मग गरम पाणी,
टाकी आतून ताटासारखी लख्ख.

आता घरी न्यायला काही उरत नाही.
थोरली गाडीभोवती एक फेरी मारते,
टाकीला कान लावते, आणि जाते नळावर.

काल ओट्यावर बसून तिला बघत होतो.
कळशी अर्धीच भरली होती, नळ गेलेला.
कमरेवर घेऊन येताना
उंबऱ्याच्या जरा अलीकडंच ती हळू झाली,
आतलं पाणी पुढं आलं, मागं गेलं,
ते गप होईपर्यंत एका पायावर उभी राहिली
आणि मग आत गेली.
खाली थेंब नाही.

"हे कुणी शिकवलं गं?"
आतून म्हणाली,
"काय?"