बोटभर अंतर

सारेमा बेटावर जूनमध्ये
सूर्य मावळायचं मनावरच घेत नाही.
कुरेसारेच्या क्लबात, धुरी दिलेल्या माशांच्या वासात
आम्ही तिघं टेबलाशी बसलो :
निवृत्त पायलट, भूगोलाचे मास्तर,
आणि मी. औषधांच्या दुकानात थेंब मोजते
म्हणून दर वर्षी मला तक्रारींच्या समितीवर घेतात.

टेबलावर समुद्र : निळं मेणकापड.
मिठाची बाटली म्हणजे बोया.
चहाचा चमचा म्हणजे वारा, दांडा नैर्ऋत्येकडे.
आणि पाइनच्या सालीच्या दोन बोटी,
हिलारनेच कोरलेल्या, कधीकाळी.

तक्रार लीडियाची. वय सतरा. केस अजून ओले.
नियम एका ओळीचा, पोरंसोरंही सांगतील :
उजव्या अंगावर वारा घेऊन जो येईल, वाट त्याची.
डाव्या अंगावर घेतलेल्याने बाजूला व्हायचं.
यात वय विचारत नाहीत.
मागच्या हिवाळ्यात कोणाची बोट
कोणी फुकटात सांधून दिली, तेही नाही.

"मी ओरडले," ती म्हणाली. "दोनदा.
मग सुकाणू ओढलं. नाहीतर बरगडीत घुसले असते त्याच्या."

हिलार म्हणाला, पुढून आरामात निघालो मी.
एका बोटीचं अंतर होतं मधे.

साक्षीदार कोणी नाही.
एक सीगल होता, पायलट म्हणाला. कोणी हसलं नाही.

दाखव, म्हणाले मी.

त्याने तिची बोट सरकवली, मग आपली.
चमच्याकडे पाहिलं. तिची पुन्हा सरकवली,
केसभर पुढे, कारण ती वेगात होती,
आणि हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं.
मग मधल्या फटीत
आपलं बोट घालून पाहिलं,
राळेने काळं पडलेलं, सुताराचं जाड बोट.

बसेना.

बाहेर दोर डोलकाठ्यांवर टकटकत राहिले.
कोणी त्याला घाई केली नाही.

"शिडाआड होती ती," तो म्हणाला.
मग, थोड्या वेळाने :
"नाही. शिडाखालून वाकून बघता येतं.
गुडघा दुखतो, म्हणून वाकलो नाही.
दिसली नाही असं नका लिहू.
बघितलं नाही, असं लिहा."

तसंच लिहिलं. 'बाद' हा शब्द मास्तरांनी
नेहमीपेक्षा बारीक अक्षरात काढला.
चषक गेला पर्नूच्या एका दंतवैद्याकडे,
जो या सगळ्यापासून मैलभर लांब होता.

लीडिया उठली, पुन्हा बसली.
"मला आणखी थोडं थांबता आलं असतं."
"थांबली असतीस," हिलार म्हणाला,
"तर दोन्ही बोटी मलाच सांधाव्या लागल्या असत्या."

नंतर मी समुद्र पुसला, वारा धुऊन ठेवला,
मीठ जागेवर.
बोटी सिगारच्या डब्यात टाकायला गेले
तर एकच.
दुसरी त्याच्या खिशात गेली असणार.

अजून मागितलेली नाही.